‘लई’ आणि ‘अति’ : इंग्रजीतले ‘व्हेरी’ आणि ‘टू’

आपल्या केज तालुक्यात ‘लई’ हा शब्द लई चालतो. ऊन लई आहे. बाजारात गर्दी लई होती. पोरगं लई हुशार निघालं. वांगी लई महाग झाली. पुस्तकात ‘लई’च्या जागी ‘फार’ किंवा ‘खूप’ छापलेले असते. शब्द वेगळा, पण काम तेच.

इंग्रजीत मात्र हे काम दोन शब्दांनी वाटून घेतले आहे. एक शब्द ‘व्हेरी’ आणि दुसरा ‘टू’. शिकणाऱ्याला पुष्कळदा दोन्हींचा अर्थ ‘फार’ असा एकच सांगितला जातो. घोटाळा तिथेच होतो. ‘व्हेरी’ नुसते ‘फार’ म्हणतो. ‘टू’ मात्र ‘फार झाले, आता जमायचे नाही’ असे म्हणतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही आत्ता कुठे मराठी अक्षरे वाचू लागलो, आम्हाला इंग्रजी कशाला? पण इंग्रजी शब्द आपली वाट पाहत थांबलेले नाहीत. २००० सालापासून आपल्या राज्यात मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात. मोबाईलवर इंग्रजी अक्षरे उमटतात. अर्ज भरताना, बँकेत, दवाखान्यात इंग्रजी शब्द भेटतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. कागद हातात आला की आपले आजे-पणजे तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जात. वाचणारा सांगेल तो अर्थ खरा मानावा लागे. तशी वेळ पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी आजचा हा पाठ.

एक वाक्य, दोन अर्थ

आजी चहाचा घोट घेते आणि सुनेला म्हणते, “लई गोड झालाय गं चहा.”

सुनेने काय समजायचे? आजी हसून, मान डोलवून बोलली असेल, तर ते कौतुक. कपाळाला आठी घालून तिने बशी बाजूला सारली असेल, तर ती तक्रार. शब्द तेच आहेत. अर्थ सांगितला तो आवाजाने आणि चेहऱ्याने.

पण कागदाला आवाज नसतो, आणि कागदाला चेहराही नसतो. आपण लिहायला-वाचायला शिकलो म्हणजे ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते. बोलताना जे काम आवाज करतो, ते लिहिताना शब्दालाच करावे लागते.

इंग्रजीत या दोन अर्थांची दोन वाक्ये होतात.

द टी इज व्हेरी स्वीट. म्हणजे चहा फार गोड आहे. आजीला आवडला असेल किंवा नसेलही, पण तो पिता येतो.

द टी इज टू स्वीट. म्हणजे चहा नको तितका गोड झाला आहे. आजीला साखरेचा आजार असेल, तर हा चहा तिने घ्यायचा नाही.

आता बघा, एका शब्दाने केवढा फरक पडला! सुनेला पहिल्या वाक्यावर काहीच करायचे नाही. दुसऱ्या वाक्यावर मात्र दुसरा चहा टाकायला हवा.

धरणाची रेघ

मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण आपल्याच तालुक्यात आहे. पुष्कळांनी ते पाहिले असेल. धरणात पाणी किती साठवायचे याची एक रेघ ठरलेली असते. पाणी त्या रेघेच्या आत असेल, तर ते कितीही असो, लोक आनंदाने म्हणतात, “औंदा पाणी लई हाय.” हा झाला ‘व्हेरी’.

सप्टेंबर २०२१ मध्ये मोठा पाऊस झाला. धरण भरले. आणखी पाणी येतच होते. धरणाची दारे उघडून पाणी नदीत सोडावे लागले. नदीकाठच्या गावांत आणि शेतांत पाणी शिरले. उभी पिके गेली. तेव्हाही तोंडात शब्द ‘लई’ हाच होता, “पाणी लई झालं.” पण आता रेघ ओलांडली होती. इंग्रजीत इथे ‘व्हेरी’ पुरत नाही. इथे ‘टू मच’ म्हणावे लागते. टू मच वॉटर, म्हणजे नको तितके पाणी.

आता उलटी बाजू पाहू. त्याआधी पाच वर्षे, म्हणजे २०१६ साली, हेच धरण कोरडे पडले होते. लातूर शहराला याच धरणाचे पाणी जाते. तिथे प्यायला पाणी उरले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीच्या टाक्यांत भरून लातूरला पाणी न्यावे लागले. धरणात पाणी नुसते कमी नव्हते, तर गरज भागणारच नाही इतके कमी होते. यालाही इंग्रजीत ‘टू’ लागतो. टू लिटल वॉटर.

तेव्हा ‘टू’ म्हणजे नेहमी ‘जास्त’ असेही नाही. ‘टू’ म्हणजे रेघ सुटली. वरची रेघ असो की खालची. जास्तीने काम अडले तरी ‘टू’, आणि कमीने अडले तरी ‘टू’.

आपल्या म्हणी काय सांगतात?

‘टू’ ध्यानात ठेवायला दूर जायला नको. आपल्या म्हणींतच तो बसलेला आहे.

‘अति तेथे माती.’ या म्हणीतला ‘अति’ म्हणजे इंग्रजीतला ‘टू’. पाऊस हवा, पण अति झाला की माती. खत हवे, पण अति झाले की पीक जळते. इंग्रजी वाक्य तयार करताना मनात विचारा, इथे ‘माती’ होणार आहे का? होणार असेल तर ‘टू’. नसेल तर ‘व्हेरी’.

दुसरी म्हण, ‘नाकापेक्षा मोती जड.’ मोती नुसता जड असता तर बिघडले नसते. तिजोरीत ठेवला असता. पण तो नाकात घालायचा आहे, आणि नाकाला तो पेलत नाही. इंग्रजीत म्हणतील, मोती नाकासाठी ‘टू हेवी’ आहे. म्हणजे ‘टू’ म्हणताना कोणाच्या मानाने, कोणत्या कामाच्या मानाने, हेही मनात असते. तेच पोते तरण्या गड्याला ‘व्हेरी हेवी’ असेल आणि दहा वर्षांच्या पोराला ‘टू हेवी’.

शेपटीची परीक्षा

अजूनही मन साशंक असेल, तर एक सोपी परीक्षा सांगतो. वाक्याला मागून एक शेपटी लावून पाहा. शेपटी दोन प्रकारची आहे. एक, ‘पण चालेल’. दुसरी, ‘म्हणून नाही’.

पोतं लई जड आहे, पण चालेल, उचलतो. इथे ‘व्हेरी हेवी’.
पोतं लई जड आहे, म्हणून उचलत नाही. इथे ‘टू हेवी’.

दुकान लई लांब आहे, पण चालेल, जाऊन येतो. इथे ‘व्हेरी फार’.
दुकान लई लांब आहे, म्हणून आज जाणं होत नाही. इथे ‘टू फार’.

बैल लई महाग आहे, पण चालेल, घेऊन टाकू. इथे ‘व्हेरी’.
बैल लई महाग आहे, म्हणून घेत नाही. इथे ‘टू’.

(या वाक्यांतला इंग्रजी ‘फार’ म्हणजे ‘लांब’, बरं का! आपला ‘फार’ तो नव्हे.)

आता ही परीक्षा कुठे उपयोगी पडते ते पाहा. आपली पोरे कामासाठी पुण्या-मुंबईला जातात. समजा, कंपनीत साहेबाने विचारले, काम कसे आहे? पोराला सांगायचे आहे, काम अवघड आहे, पण मी करतो. तो म्हणाला, “धिस वर्क इज टू हार्ड.” साहेबाने काय समजावे? या पोराला काम झेपत नाही, याला काढा. पोराने म्हणायला हवे होते, ‘व्हेरी हार्ड’.

उलटही होते. ओझे खरोखर झेपत नाही, कंबर धरते आहे, आणि कामगार म्हणतो, “व्हेरी हेवी, सर.” साहेब म्हणतो, जड आहे खरे, पण चल, उचल. इथे त्याने ‘टू हेवी’ असे स्पष्ट म्हणायला हवे. जिथे नाही म्हणायचे, तिथे नाही म्हणणारा शब्दच वापरावा.

न दिसणारा ‘नाही’

आता थोडे अवघड, पण कामाचे. इंग्रजीत ‘टू’ नावाचे तीन शब्द आहेत. उच्चार जवळजवळ सारखा, अक्षरे निराळी.

टी-डब्ल्यू-ओ, म्हणजे दोन.
टी-ओ, म्हणजे ‘ला’, ‘कडे’ किंवा ‘करायला’.
टी-ओ-ओ, म्हणजे आपला आजचा ‘अति’वाला ‘टू’.

ओळख पटावी म्हणून या पाठात टी-ओ हा शब्द आम्ही ऱ्हस्व ‘टु’ असा लिहितो, आणि टी-ओ-ओ हा दीर्घ ‘टू’ असा. ‘अति’वाल्यात एक ओ अति आहे, असे ध्यानात ठेवा, म्हणजे चुकणार नाही.

हे दोघे एका वाक्यात आले की गंमत होते.

शी इज टू वीक टु वॉक.

शी म्हणजे ती. वीक म्हणजे अशक्त. वॉक म्हणजे चालणे. या वाक्यात ‘नाही’ असा शब्द कुठेच नाही. घाईने वाचणाऱ्याला वाटेल, ती अशक्त आहे आणि चालते. पण खरा अर्थ असा की, ती इतकी अशक्त आहे की तिला चालवत नाही.

इट इज टू डार्क टु रीड. अंधार इतका की वाचता येत नाही.
द वॉटर इज टू डर्टी टु ड्रिंक. पाणी इतके घाण की पिता येत नाही.

पुढे ‘टू’ आणि मागे ‘टु’ दिसला की समजावे, मध्ये एक ‘नाही’ लपलेला आहे. पाण्याच्या वाक्यात तो ‘नाही’ वाचायचा राहिला, तर घरात आजारपण येईल.

मोबाईल काय म्हणतो?

हा ‘टू’ आज सर्वांत जास्त भेटतो तो मोबाईलवर. तिथली तीन वाक्ये पाहू.

पहिले, ‘टू मेनी अटेम्प्ट्स’. अटेम्प्ट म्हणजे प्रयत्न. गुप्त आकडा पुनःपुन्हा चुकला की हे वाक्य येते. कोणी समजतो, ‘पुष्कळ प्रयत्न करा’, आणि तो आणखी बोटे दाबत बसतो. अर्थ अगदी उलटा आहे. जेवढे प्रयत्न करायची मुभा होती, तेवढे संपले. आता थांबा. थोड्या वेळाने, बरोबर आकडा आठवून, मग दाबा. घाई केली तर कुलूप आणखी पक्के होते.

दुसरे, ‘फाइल इज टू लार्ज’. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना फोटो किंवा दाखला चढवावा लागतो. तेव्हा हे वाक्य येते. लार्ज म्हणजे मोठी. मोबाईल इथे फोटोचे कौतुक करीत नाही. ठरलेल्या मापापेक्षा फाइल मोठी आहे, म्हणून घेतली नाही, असे तो सांगतो. आपल्याला वाटते अर्ज गेला, आणि तो गेलेलाच नसतो. शेवटची तारीख निघून जाते. हे वाक्य दिसले की फाइल लहान करून पुन्हा चढवायची.

तिसरे, ‘पासवर्ड इज टू शॉर्ट’. शॉर्ट म्हणजे आखूड. परवलीचा शब्द हवा त्याहून आखूड आहे, म्हणून चालणार नाही. आणखी अक्षरे घाला.

तिन्ही वाक्यांना शेपटी लावून पाहा. तिन्ही ठिकाणी ‘म्हणून नाही’ हीच बसते.

मच आणि मेनी

‘टू’च्या मागे कधी ‘मच’ येतो, कधी ‘मेनी’. नियम सोपा आहे. जे मोजून सांगता येत नाही, मापाने किंवा वजनाने घ्यावे लागते, त्याला ‘मच’. मीठ, पाणी, दूध, पीठ. टू मच सॉल्ट, म्हणजे मीठ अति झाले. जे एक, दोन, तीन असे मोजता येते, त्याला ‘मेनी’. माणसे, गाड्या, शेळ्या, गोळ्या. टू मेनी पीपल, म्हणजे माणसे अति झाली. जीपगाडीत पंधरा माणसे कोंबली, तर ती ‘व्हेरी मेनी’ म्हणायची नव्हेत. ती ‘टू मेनी’.

आभार मानताना मात्र ‘थँक यू व्हेरी मच’ असेच म्हणावे. ‘थँक यू टू मच’ म्हटले तर ‘तुमचे आभार नको तितके झाले’ असा विचित्र अर्थ होईल.

तसेच ‘आवडते’, ‘लागते’ अशा शब्दांना ‘व्हेरी’ एकटा जोडत नाहीत. ‘आय व्हेरी लाइक’ असे म्हणू नये. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असे म्हणावे, म्हणजे ‘मला ते फार आवडते’.

आणखी एक. शहरातली पोरे कौतुकाने ‘टू गुड!’ म्हणतात. ऐकले तर समजून घ्या, पण अर्जात तसे लिहू नका. आणि वाक्याच्या अगदी शेवटी ‘टू’ आला, तर तो बहुधा ‘सुद्धा’ असतो. ‘मी टू’, म्हणजे ‘मी सुद्धा’. इथे ‘मी’ हा इंग्रजी शब्द आहे, आणि योगायोगाने आपल्या ‘मी’सारखाच आहे.

वयाची रेघ

शेवटी एक वाक्य असे घेऊ, की ज्याचा अर्थ घराघरात कळायला हवा.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. फडावर जायचे, तर वयात येणारी मुलगी मागे कोणापाशी ठेवायची, ही आईबापाची काळजी खरी आहे. मग चौदा-पंधराव्या वर्षीच लग्नाची बोलणी सुरू होतात. एखादी मावशी म्हणते, “पोरगी लई लहान हाय की हो!” लगेच कोणी उत्तर देतो, “लहान हाय, पण स्थळ चांगलं हाय.”

पाहिलेत? ‘लई लहान’ म्हटले की ‘पण चालेल’ ही शेपटी लावायला जागा राहते. हा ‘व्हेरी यंग’ झाला. यंग म्हणजे लहान वयाची.

कायद्याची भाषा अशी नाही. २००६ सालच्या कायद्याप्रमाणे लग्नाला मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पुरे लागते. ही रेघ आहे. रेघेच्या आत ‘पण’ नाही. म्हणून इंग्रजीत म्हणायचे,

शी इज टू यंग टु मॅरी.

म्हणजे, तिचे वय इतके लहान आहे की तिचे लग्न होऊ शकत नाही. ‘नाही’ दिसत नसला तरी आत आहे. मराठीतही आपण हे तितकेच ठामपणे सांगू शकतो. ‘लई लहान आहे’ एवढ्यावर न थांबता म्हणावे, “तिचं वय भरलं नाही, म्हणून लग्न नाही.” दुसऱ्याची भाषा शिकताना आपली भाषा अशी नेटकी होते, हाही एक लाभच.

ध्यानात ठेवा

१. व्हेरी म्हणजे फार. शेपटी ‘पण चालेल’.
२. टू म्हणजे अति, नको तितके. शेपटी ‘म्हणून नाही’.
३. कमी पडून काम अडले तरी ‘टू’च.
४. पुढे ‘टू’ आणि मागे ‘टु’ असेल, तर आत ‘नाही’ असतो.
५. मापायच्या वस्तूला ‘मच’, मोजायच्या वस्तूला ‘मेनी’.

अभ्यास

खालील प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. शेपटी लावून पाहा. इंग्रजीत ‘व्हेरी’ येईल की ‘टू’, ते वहीत लिहा.

१. आमची लेक लई हुशार आहे.
२. चप्पल लई आखूड आहे, पाय जात नाही.
३. भाजीत मीठ लई पडलं, कोणी खाईना.
४. आज थंडी लई आहे, तरी शाळेत जाते.
५. एसटी निघून गेली. आपण लई उशिरा पोहोचलो.
६. डॉक्टर फार चांगले आहेत.

आता या वाक्याचा मराठीत अर्थ लिहा : ही इज टू ओल्ड टु वर्क. (ही म्हणजे तो. ओल्ड म्हणजे म्हातारा. वर्क म्हणजे काम करणे.)

घरी मुलांचे इंग्रजीचे पुस्तक घ्या. टी-ओ-ओ हा शब्द कुठे सापडतो का ते त्यांच्यासोबत शोधा. सापडला की ते वाक्य वहीत उतरवून आणा. पुढच्या वेळी वर्गात आपण सर्वजण ती वाक्ये वाचू.

उत्तरे : १. व्हेरी. २. टू. ३. टू (टू मच). ४. व्हेरी. ५. टू. ६. व्हेरी. वाक्याचा अर्थ : तो इतका म्हातारा झाला आहे की त्याच्याने काम होत नाही.